लंडनच्या कोर्टाची डिक्री आणि नोटीस कोल्हापूरच्या कोर्टाची, मशिनी जप्त होणार का?

शिरोलीकर: मंडळी, माझ्या मामांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, इंग्लंडच्या पार्टीला कास्टिंग पाठवायचे, मालात ब्लोहोल (आतली हवेची छिद्रं) निघाले म्हणून वाद झाला आणि पार्टीनं लंडनच्या हायकोर्टात एकतर्फी डिक्री (आम्ही हजर नसताना झालेला कोर्टाचा हुकूमनामा) घेतली. तिकडचे कागद नुसते कुरिअरनं आलेले, कुणी लक्षच दिलं नाही. आता कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टाची नोटीस आलीय, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४अ, ऑर्डर २१ रूल २२ असं काय काय लिहिलंय. घरात कुणाला झोप नाही ओ.

बावड्याचा वकील: आधी मामींना सांगा, ही जप्ती नव्हे. डिक्रीची अंमलबजावणी का करू नये ते येऊन सांगा, एवढंच कोर्ट विचारतंय. आपल्याकडच्या डिक्रीवर दोन वर्षांच्या आत दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) टाकली तर मूळ देणेकऱ्याला ही नोटीस लागत नाही, ४४अ खालच्या परदेशी डिक्रीला मात्र पहिल्या दिवसापासून लागते. उशीर होईल किंवा माल गायब होईल असं वाटलं तर कोर्ट कारणं लिहून ती टाळूही शकतं, तुम्हाला मिळालीय हे नशीब समजा. तारखेला गेला नाहीत तर मात्र पुढचा हुकूम होणार.

उद्यमनगरचा राजू: भावा एकतर्फी डिक्री भारतात चालतच नाही, बिनधास्त राहा.

बावड्याचा वकील: राजूभाऊ, असं सांगू नका, माणसं बुडतात यानं. २००१ च्या इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या निकालात सुप्रीम कोर्टानं एकतर्फी डिक्री अडवली, पण ती गुणावगुणावर दिलेली नव्हती म्हणून. तिकडच्या कोर्टानं पुरावा बघून निकाल दिला असेल तर एकतर्फी असूनही टिकू शकतो. कलम १३ चे, म्हणजे परदेशी निकाल इथं का मानू नये याचे, आक्षेप तुम्हालाच सिद्ध करावे लागतात. तुमच्यासाठी मोठा मुद्दा समन्सचा, कारण परदेशात समन्स पोचवण्याबद्दलच्या हेग करारात थेट पोस्टानं समन्स पाठवायला भारताची हरकत आहे, ते केंद्राच्या कायदा मंत्रालयामार्फत यायला पाहिजे. नुसत्या कुरिअरवर भागवलं असेल तर बाजू मांडायची संधीच मिळाली नाही असं म्हणता येतं, कोर्ट किती मानेल ते कागदांवर.

शिरोलीकर: म्हणजे लंडनची केस परत पहिल्यापासून चालणार का इथं?

बावड्याचा वकील: नाही, ब्लोहोल होते का नव्हते ते इथं कुणी बघणार नाही. डिक्री अमेरिकेची असती तर कलम १३ वर इथं नवा दावा लावावा लागला असता त्यांना, इंग्लंड ४४अ साठी सरकारनं अधिसूचित (जाहीर) केलेला देश म्हणून थेट दरखास्त. डिक्रीची सर्टिफाइड नकल आणि किती वसूल झालं त्याचा तिकडच्या कोर्टाचा दाखला जोडलाय का ते आधी तपासा. आणि कुरिअरची पाकिटं रद्दीत गेली नसतील तर आजच बाजूला काढा, तारखा त्यावरच असतात.