एका दिवशी एकच कप्पा

रोज पंधरा मिनिटं आवरायचं ठरवलं, पण चौथ्या दिवशी घर पुन्हा जैसे थे, असं तुम्ही लिहिलंय. माझंही तसंच व्हायचं, कारण मी अख्खं कपाट उपसायचे. पलंगावर ढीग, आणि झोपायच्या वेळी तोच उचलून पुन्हा आत कोंबायचा. आता एकच कप्पा घेते. तो पूर्ण रिकामा करायचा, कोपऱ्यातली धूळ ओल्या फडक्याने पुसायची, आणि खरंच वापरात आहे तेवढंच परत ठेवायचं. वेळ उरला तरी दुसरा कप्पा उघडायचा नाही.

सुरुवात औषधांच्या डब्यापासून करा. मुदत छापलेलीच असते, त्यामुळे फार विचार करावा लागत नाही. फोटो, पत्रं, मुलांच्या लहानपणच्या वस्तू अगदी शेवटी. त्यांना हात लावला की तास कसा जातो कळत नाही (जावाच, पण सुट्टीच्या दिवशी).

कागदांच्या कप्प्यात पावत्या जरूर बघा. त्या गुळगुळीत पावत्या थर्मल कागदाच्या असतात, त्यांवरची अक्षरं हळूहळू उडतात. आमच्या वॉशिंग मशीनची पावती वॉरंटी संपायच्या आतच जवळजवळ कोरी झाली होती. तेव्हापासून पावती घरात आली की आधी तिचा फोटो काढते.

आणि कृपा करून, घरातल्या इतरांच्या वस्तू न विचारता टाकू नका. मी त्या एका खोक्यात घालते, वर तारीख लिहिते. महिन्याभरात ज्याचं त्याने बघून ठरवायचं.