मदत हवी आहे: आईबाबांसाठी नॉनस्टॉप फ्लाइट की एक स्टॉप? आज रात्रीच ठरवायचंय

रानजाई:
आईबाबा पहिल्यांदाच इकडे येतायत. नॉनस्टॉपला दोघांचे मिळून चाळीस हजार जास्त पडतायत, पैशांचं काही नाही, पण आई सलग इतके तास बसू शकेल का हेच कळत नाहीये. भाव रात्रीपर्यंतच होल्ड केलाय, प्लीज लवकर सांगा.

सह्यवारा:
इकडे म्हणजे कुठे? निघणार कुठून? वयं काय? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

फोडणी:
एक स्टॉपच घ्या, डोळे मिटून. माझे सासूसासरे अबुधाबीमार्गे न्यूयॉर्कला आले. अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीलाच होतं, इथे उतरले की देशांतर्गत फ्लाइटने आल्यासारखे सरळ बाहेर. मधे साडेतीन तास तरी ठेवा मात्र.

रानजाई:
सॉरी, घाईत राहिलं. मुंबई ते न्यूयॉर्क, तिथून न्यू जर्सीला मी घेऊन येईन. बाबा ७२, आई ६८. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, बाबांना दर दीड तासाने उठावं लागतं. इंग्लिश दोघांचंही बेताचंच.

सह्यवारा:
मग नॉनस्टॉपच. साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तासांच्या आसपास. फोडणी, आयत्या वेळी गेट बदललं तर यांनी कोणाला विचारायचं?

फोडणी:
व्हीलचेअर सांगून ठेवली की माणूस गेटपर्यंत नेतो, विचारायची वेळच येत नाही. आणि सोळा तास त्या सीटवर पाय सुजतात त्याचं काय?

विमानवेडा:
अवांतर: इतकं लांब सलग उडायचं तर इंधन वाहून न्यायलाच आणखी इंधन जाळावं लागतं. सिंगापूर एअरलाइन्सने सिंगापूर–नेवार्क २००४ ला सुरू केलं, चार इंजिनांच्या ए३४०-५०० वर परवडेना म्हणून २०१३ ला बंद केलं आणि २०१८ ला दोन इंजिनांच्या ए३५० वर परत आणलं. त्यात इकॉनॉमी नाहीच, एकूण १६१ सीटा.

सुगरण७१:
लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत देऊ नका, सिक्युरिटीला काढून घेतात. दोन पिशव्यांत घट्ट बांधून चेक-इनमध्ये टाका.

कृष्णाकाठ:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. चार तासांच्या वर बसून प्रवास झाला की पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो, मग स्टॉप असो नसो. डॉक्टरांना विचारून कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज (पायाला घट्ट बसणारे मोजे) घ्या, बसल्याबसल्या घोटे फिरवायला सांगा, आणि बाबांना उठायचंच आहे तर दर वेळी आईलाही सोबत उठवू देत. गोळ्या हातातल्या बॅगेतच.

सह्यवारा:
एक बघा, तिकिटावर 'नॉनस्टॉप'च आहे ना? 'डायरेक्ट' म्हणजे फक्त फ्लाइट नंबर एक, विमान मधे उतरू शकतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइट व्हिएन्नाला इंधनासाठी थांबायला लागल्या.

रानजाई:
बघितलं, शून्य स्टॉप लिहिलंय. आत्ताच आईला फोन केला, मधे विमान बदलायचं म्हटल्यावर तिचा आवाजच बारीक झाला, बाबा मागून म्हणाले एकदाच काय ते बसव आम्हाला. नॉनस्टॉप करतेय. पण शेजारशेजारच्या सीटा घेतल्या तर एकाला मधली येतेय, नाहीतर वाटेच्या दोन बाजूंना एकेक आयल आहे. ती घेऊ?

कृष्णाकाठ:
तीच घ्या. दोघांनाही कोणाला न उठवता उठता येईल.