उत्तर: उत्तर: तेतच्या खाऊचा तक्ता, छपाईआधी बघा

मंडळी,
तेतच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, खाऊचे व्हिएतनामी शब्द मुलांसाठी देवनागरीत देणारा तक्ता उद्या छापायचाय. गोळीला केओ, पाकातल्या फळांना मुत, वाटीतल्या खिरीसारख्या गोडाला चे, हे ठरलंय. अडलंय चिक्कीपाशी. हनोईहून बदलून आलेली कुटुंबं केओ लाक म्हणतात, इथे सायगॉनला केओ डाउ फोंग. रकाना एकच आहे. रात्रीपर्यंत कळवा.
मेधा

> रकाना एकच आहे
मेधाताई, मुलं सायगॉनच्या बाजारात बोलणार, तेव्हा डाउ फोंगच ठेवा. तिळाचंही तेच करा. तिकडे वूंग, इथे मे.
अमोल

दोन्ही शब्द हवेत. शेंगदाणा उत्तरेत वेगळा, दक्षिणेत वेगळा, हे मुलांना कळलंच पाहिजे. पण माझा मुख्य आक्षेप देवनागरीला आहे. केओ सपाट म्हटलं की डिंक, सूर चढवला की कात्री, खाली दाबून तोडला तरच गोळी. मुलांना व्हिएतनामी लिपी येते. हा हट्ट कोणासाठी?
वसुधा

वसुधाकाकू, आजी-आजोबांसाठी. सुट्टीत येतात तेव्हा नातवंडांबरोबर तेच बाजारात जातात. दाबलेल्या सुराला अक्षराखाली टिंब द्यायचं का? मूळ लिपीतही ते खालीच असतं.
मेधा

टिंब नको, नुक्ता समजून वाचतील. आणि रकाने कार्यकारिणीत ठरले होते, ते परस्पर वाढवू नयेत. शिवाय शाकाहाराचं कोणीच लिहिलेलं नाही. उत्तरेतल्या हाय ज्युओंगची मुगाची वडी, बान डाउ सान, आमच्याकडे सगळ्यांनी आवडीने खाल्ली. नंतर कळलं की पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. मो हेओ म्हणजे ती चरबी (हनोईकडे मो लोन) आणि चाय म्हणजे शाकाहारी, हे शब्द सर्वांत वर ठळक छापा. केओ यूआ, ती दक्षिणेतल्या बेन त्रेची नारळवडी, बिनधास्त घ्यावी. नारळाचं दूध, साखर आणि माल्टचा पाक. आतला पातळ कागद तांदळाचा असतो, सोलत बसू नका.
श्रीकांत

श्रीकांतकाका, तक्ता वर्ग समितीचा आहे, रकाने आम्ही ठरवू. चरबीची ओळ मात्र नक्की घेते, वरच. टिंबही राहील, खाली एक ओळ खुलासा देऊ.
मेधा

नारळवडीवरून आठवलं. मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहराची मे सुंग संक्रांतीला कोणी वाटली आहे का? तीळ, शेंगदाणे, माल्टचा पाक, चावायला मऊ. सासूबाईंना कवळीमुळे तिळाची वडी जमत नाही. सायगॉनच्या पूर्वीच्या जिल्हा ७ च्या भागात कुठे मिळेल?
प्राची