दवाखान्याबाहेरची डॉक्टरकी: बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातले अनुभव लिहा

धागाकर्ता, हुक्केरी तालुका

मी एमबीबीएस. बरीच वर्षं पूर्णवेळ दवाखाना चालवला. आता आठवड्यातले निम्मे दिवस तो बंद असतो आणि मी शाळा, महिला मंडळं, ऊसतोडीचे तळ असा फिरत असतो. आई अजून विचारते, "भाषणंच द्यायची होती तर एवढं शिकलास कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. दवाखान्यात बसलं की संध्याकाळी गल्ल्यात पैसे दिसतात. शाळेत तासभर बोललं की शाल आणि नारळ मिळतो.

मोठी नावं आपल्याला माहीत आहेत. दाभोलकर मिरजेत डॉक्टर झाले, साताऱ्यात दवाखाना चालवला आणि मग उरलेलं आयुष्य लोकांशी बोलण्यात घातलं. अनिल अवचट वैद्यकी शिकून लिहिते झाले, आपल्या निपाणीच्या तंबाखूतल्या बायकांवरही त्यांनी लिहिलं. गडचिरोलीत बंग पती-पत्नी आहेत. पण त्यांची उदाहरणं दिली की लोक म्हणतात, "ती माणसं वेगळी." म्हणून हा धागा आपल्या भागातल्या साध्या अनुभवांसाठी आहे. तुम्ही असं काम केलं असेल, करणारा डॉक्टर जवळून पाहिला असेल किंवा अशा एखाद्याचं ऐकून वैतागला असाल, तरी लिहा. पैशांबद्दलही लिहा, त्यावर कुणी बोलत नाही. पेशंटची नावं नकोत. सीमावाद इथं नको, त्याला दुसऱ्या जागा भरपूर आहेत.

खानापूर, निवृत्त सरकारी डॉक्टर

आमच्या तालुक्यातून लिहायचं तर सापांपासून सुरुवात करावी लागते. कणकुंबी-जांबोटीकडं पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. शेतात भात, घरात पाचट, सरपण आणि उंदीर. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा पेशंट माझ्याकडं यायचा तो मांत्रिकाकडून, दंडाला सुतळी करकचून आवळलेली आणि दंशाच्या जागी ब्लेडनं कापलेलं. माझ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या (पीएचसीच्या) भिंतीवर सूचनांचा फलक होता, कन्नडात. आमच्या आतल्या गावांतल्या बायकांना कन्नड बोललेलं थोडंफार कळायचं, वाचता यायचं नाही. खरं तर त्यातल्या पुष्कळ जणींना मराठीही वाचता येत नव्हतं, त्यामुळं नुसता मराठी फलक लावून फार फरक पडला असता असं मला वाटत नाही.

मग मी एक गोष्ट सुरू केली. सर्पदंशात रक्त गोठतंय का हे बघायची साधी तपासणी आहे. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय असं धरायचं. ही नळी मी नातेवाइकांच्या समोर ठेवू लागलो. आधी ती वीस मिनिटं माझ्या दारात भांडणाची असायची, "डाक्टर नुसता बसलाय, इंजेक्शन देईना." नळी समोर आल्यावर सगळे तिच्याकडं बघत बसायचे. वाहणारं रक्त डोळ्यांनी बघितलेला माणूस गावात जाऊन जे सांगतो ते मी सात जन्मांत सांगू शकलो नसतो. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंवर जातं, तिथं ही नळी उपयोगाची नाही. पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं, श्वास लागणं बघायचं. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलेला माणूस दुपारपर्यंत जातो. हे मी भजनी मंडळात सांगायचो, कारण आमच्याकडं रात्री माणसं जमतात ती तिथंच.

मांत्रिकाशी मी भांडलो नाही. बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी कधी कोरडाच, म्हणजे विष न सोडता, चावतो, म्हणून त्याचे पुष्कळ पेशंट आपोआप बरे होतात. हे मी त्याला एकट्याला बसवून सांगितलं, चारचौघांत नाही. तो म्हणाला, "मग मी काय करू, मंत्र सोडू?" मी म्हटलं, सोडू नको, पण गाडीत बसून म्हण. त्यानंतर दोरी न बांधलेले, पाय हलू नये म्हणून काठी लावलेले पेशंट यायला लागले, सोबत मांत्रिक.

२०२४ मध्ये कर्नाटकानं सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, ते चांगलंच झालं. आता निदान आकडे तरी कागदावर येतील. माझ्या नोकरीत मात्र असल्या बोलण्याला कुठल्याच रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. वरिष्ठ विचारायचे ओपीडी किती झाली. भजनी मंडळात काय झालं हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर नेमकं काय भरून द्यायचं तेही मला सुचलं नसतं.

निपाणी, बिडी कामगार बाईची मुलगी, आता प्राथमिक शिक्षिका

आमच्या आईची सगळी हयात वखारीत गेली. तंबाखूचा खकाणा नाकातोंडात, घरी आल्यावर आधी तिच्या लुगड्याचा वास यायचा आणि मग ती. दाताला मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. सकाळी, दुपारी, झोपताना. आमच्या गल्लीत मिश्री न लावणारी बाई म्हणजे आजारी बाई असं समजायचे.

एक डॉक्टरीणबाई यायच्या. पहिल्या वेळी त्यांनी पडद्यावर कॅन्सरची चित्रं दाखवली. निम्म्या बायका उठून गेल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, तंबाखूवर आमचं पोट चाललंय आणि तू तिला वाईट म्हणतीस?" निपाणीत हे बोलणं हलकं नाही. १९८१ ला याच तंबाखूच्या दरासाठी शेतकरी हायवेवर बसले होते, गोळीबार झाला, माणसं गेली. इथं तंबाखूविरुद्ध बोलणारा माणूस कुणाच्या तरी ताटाकडं बोट दाखवतोय असंच वाटतं.

पुढच्या खेपेला बाईंनी पडदा आणला नाही. मिश्री कधी लावता, का लावता एवढंच विचारत बसल्या. दाढ ठणकते म्हणून. परसाकडं साफ होत नाही म्हणून. भूक मरते म्हणून. हे शेवटचं ऐकून त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी दाताच्या डॉक्टरांना बोलावून आधी दाढा काढून घेतल्या, कॅन्सरचा विषय नंतर. आणि मग प्रत्येकीच्या हातात आरसा आणि बॅटरी. स्वतःच्या तोंडात स्वतः बघायचं. पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम. तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं. जात नसतील तर तपासून घ्यायचं.

आमच्या आईची मिश्री सुटली नाही, दुपारची तेवढी गेली. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला ती आरसा घेऊन दारात उजेडाला बसायची, आणि शेजारणीलाही बसवायची. डॉक्टरीणबाईंना यात काय मिळालं मला माहीत नाही. त्यांचा कोल्हापूरला दवाखाना होता, तिकडून स्वतःच्या गाडीनं यायच्या एवढं खरं.

(गुटख्यावर कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे. आमच्या शाळेपासून चालत थोडं पुढं गेलं की पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी, एकाच खिळ्याला टांगलेल्या. पोरं घरी नेऊन एकत्र करतात. विज्ञानाच्या तासाला मिश्रण शिकवताना मला हसू येतं.)

अथणी तालुका, शेतकरी

२०१९ ऑगस्टचा पूर. आम्ही शाळेत मुक्कामाला. टाकीच्या पाण्यात क्लोरीन घातलेलं, वास येतोय म्हणून म्हातारी माणसं पुराचंच पाणी गाळून प्यायची. एक तरुण डॉक्टर आलेला, त्यानं एवढंच सांगितलं: पाणी भरून अर्धा तास उघड्या भांड्यात ठेवा, तेवढ्यात औषधाचं काम होतं आणि वासही कमी होतो. झालं. त्या दिवसापासून टाकीचं पाणी संपायला लागलं. त्याच्या आधी आलेल्या साहेबांनी आम्हाला जलजन्य आजारांवर व्याख्यान दिलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

बेळगाव, निवृत्त एएनएम

मी एएनएम होते, म्हणजे घरोघर जाऊन बाळंतपणं बघणारी सरकारी नर्स. माझी मातृभाषा कन्नड, मराठी नोकरीत शिकले. चुकलं तर सांभाळून घ्या.

वरचं सगळं वाचलं. सगळीकडं डॉक्टर बोललाय. मला विचारायचं आहे, डॉक्टर गेल्यावर दुसऱ्या दिवशी बोलतं कोण?

आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत एक मोठं संशोधन झालं होतं, २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली तर रक्तस्राव कमी होतो का, हे बघायला. १६२० बाळंतिणी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. ती गोळी द्यायला तिथं डॉक्टर नव्हते, एएनएम होत्या. मी त्यात नव्हते, पण तसलंच काम आयुष्यभर केलंय म्हणून सांगते. सासूसमोर, नवऱ्यासमोर, अवघडलेल्या बाईला समजावून "हो" किंवा "नको" म्हणायला जागा द्यायची, हे सोपं नसतं. एका घरात कन्नड, पलीकडच्या घरात मराठी, तिसऱ्या घरात उर्दू. आम्ही उंबऱ्यावर भाषा बदलायचो, त्याचं कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

डॉक्टरांनी बोलावं. त्यांच्या बोलण्याला वजन आहे. पण फोटोत आशा अक्कालाही उभी करा, आणि माइक तिच्याही हातात द्या. गावाला तिचा आवाज ओळखीचा असतो.

बेळगाव शहर, एका पेशंटचा मुलगा

मी वैतागलेल्यांपैकी. आमचे बाबा रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेत होते. मोबाइलवर एका डॉक्टरची रील बघितली: मीठ बंद करा, अमुक पूड घ्या, गोळ्या सुटतात. पूड त्यांचीच, खाली नंबर. बाबांनी गोळ्या सोडल्या, आम्हाला सांगितलं नाही. अर्ध्या रात्री दवाखान्यात पळालो. वाचले, पण उजवा हात अजून नीट चालत नाही. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरनं वर्षानुवर्षं समजावलेलं एका मिनिटात पुसलं गेलं, कारण रीलवाला हसून बोलत होता. लोकांशी बोलणारे डॉक्टर वाढले म्हणून टाळ्या वाजवायला माझा हात उठत नाही.

धागाकर्ता

वरच्या दादांना: तुमचा राग योग्य आहे. मधुमेह, रक्तदाब अशा आजारांवर खात्रीच्या इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी ती रोज दिसते. डॉक्टरांनी समाजमाध्यमांवर कसं वागावं याचे नियम राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये आणले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. म्हणून आपापलं कुंपण आपणच घालायचं. माझं असं आहे: चालू गोळी बंद करा हे शब्द लोकांसमोर कधीच बोलायचे नाहीत. काही विकायचं नाही. कुणी पैसे दिले असतील तर आधी सांगायचं.

एक सवय कोविडनं लावली. कोव्हिशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी २८ दिवस, मग सहा ते आठ आठवडे, मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर कोविडचा रिपोर्ट बघूनच गाडी सोडायचे ते दिवस. लोक म्हणायचे, डॉक्टर रोज जीभ फिरवतात. तेव्हापासून मी प्रत्येक आवाजी संदेशाची सुरुवात तारखेनं करतो: "आज अमुक तारीख, आजची माहिती अशी." आणि बदललं की, का बदललं ते वेगळ्या संदेशात. जुना संदेश कुणी सहा महिन्यांनी पुढं ढकलला तरी तारीख त्याच्या पोटातच असते.

बेळगाव, इंटर्न

सर, आमच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून पेशंटशी बोलणं शिकवतात, त्याचे तासही असतात. पण ते खोलीतल्या एका पेशंटशी. गावाशी बोलणं कुठं शिकायचं? मला पीएसएममध्ये, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयात, एमडी करायचंय. घरी सगळे म्हणतात मेडिसिन मिळत नसेल तर घे. खरं सांगा, पोट भरतं का?

खानापूर, निवृत्त सरकारी डॉक्टर

भरतं गा, पण सर्जनसारखं नाही, ते आत्ताच घरच्यांना सांगून टाक. कॉलेजात शिकवायची नोकरी मिळते, सरकारी कार्यक्रमांत जागा असतात, संस्थांच्या प्रकल्पांवर पगार बरा असतो पण करार संपला की पुन्हा अर्ज. नुसतं लोकांशी बोलायची नोकरी आपल्याकडं कुणी देत नाही, ती दुसऱ्या नोकरीच्या पोटात घालून करावी लागते.

एमडीला बसायच्या आधी थोडी वर्षं पीएचसीत काढ. कन्नड नीट लिहायला शीक, अहवाल त्यातच जातो, आणि अहवाल चांगला लिहिणाऱ्याचं वर ऐकतात. मराठी सोपं बोलायला शीक, ते लिहिण्यापेक्षा अवघड आहे. आणि वरच्या एएनएम बाईंना विचारून बघ, त्या तुला एखाद्या दिवशी सोबत नेतील का. जाताना पिशवी तू धर.

बेळगाव, निवृत्त एएनएम

नेईन की. सोमवारी नको, बाजार असतो, बायका घरात सापडत नाहीत. मंगळवारी सकाळी लवकर या.