तांब्याच्या नळीवरचा हिरवा थर: शेवाळ की कळंक?

ओलकट: उघड्यावरच्या तांब्याच्या नळीवर हिरवा थर आलाय, खालच्या दगडावरही हिरवे ओघळ आहेत. सजीव-निर्जीव ओळखण्याच्या प्रयोगासाठी दोन्हींचे नमुने हवेत. व्हिनेगर टाकलं तर नळीवरच्या थरातून बुडबुडे आले नाहीत, दगडावर मात्र आले. म्हणजे नळीवर शेवाळ आणि दगडावर कळंक (तांब्याचा हिरवा गंज) असं समजायचं का?

परीक्षानळी: बुडबुड्यांवर जाऊ नका. थरात कार्बोनेट असेल तरच ते येतात. पावसात भिजणाऱ्या तांब्यावर बहुतेकदा सल्फेटचा थर असतो, समुद्राजवळ क्लोराइडचा. दोन्ही फसफसत नाहीत. उलट चुनखडी किंवा संगमरवर असेल तर दगड स्वतःच फसफसतो.

त्यापेक्षा तांबंच शोधा. गव्हाच्या दाण्याएवढी खरवड 5 मिली व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी वेगळं काढून त्यात पॉलिश पेपरने घासलेला लोखंडी खिळा अर्धा बुडवा. तांबं असेल तर खिळ्यावर तांबूस लेप चढतो. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा नको, त्यावर काळपट भुगा जमतो आणि काहीच कळत नाही. खरवडताना लाकडी काडी वापरा. लाल धातूचा कीस आत गेला तर व्हिनेगर आणि हवा मिळून तोही विरघळवतात, मग चाचणी फुकट. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी घेऊ नका. हे क्षार विषारी आहेत.

हरितकण: शेवाळासाठी दुसरी खरवड घ्या. 5 मिली स्पिरिटमध्ये टाकून ती परीक्षानळी साधारण 60 अंशांच्या गरम पाण्यात 10 मिनिटं धरा. जवळपास ज्योत नको. स्पिरिट हिरवं झालं तर हरितद्रव्य आहे. कळंक तळाशी तसाच बसतो, वरचं स्पिरिट नितळ राहतं.

व्हिनेगरमधली खरवड इथे चालत नाही. आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून रंग मळकट होतो, आणि शेजारी तांबं असलं की ते त्या जागी बसून रंग पुन्हा हिरवागार करतं. मग कोणाचा हिरवा कोणता, सांगता येत नाही!

काचपट्टी: हरितद्रव्य मिळालं तरी नमुना जिवंत आहे हे ठरत नाही, मेलेल्या पेशींतही ते काही काळ टिकतं. 400 पट मोठं करून पेशी दिसल्या तरी तेच. खरवडीचे दोन भाग करा, एक 5 मिनिटं उकळा, दोन्ही वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत पावसाच्या पाण्यात घालून उजेडात ठेवा, ऊन थेट नको. दोन-तीन आठवड्यांत न उकळलेल्यातच हिरवेपणा पसरला, तर ते जिवंत. पण या नमुन्यात नळीवरचं काही मिसळू देऊ नका, तांब्याचे आयन शेवाळाला मारतात. उघड्या तांब्यावर शेवाळ सहसा धरत नाही, ते त्यामुळेच.

ओलकट: मग दगडावरचा नमुना ओघळाच्या मधला घेऊ की कडेचा?

काचपट्टी: दोन्ही, वेगळ्या बाटल्यांत. मधे तांब्याचा डाग असण्याची शक्यता जास्त, कडेला शेवाळाची. दगडाच्या छिद्रांत डाग आणि वर शेवाळ असंही निघू शकतं.