टॉवर देखणा आहे, पण पुरात काय?

काही जण म्हणतात की नव्या निवासी टॉवरमुळे सांगलीला रूप आलं आणि उंच मजल्यांना पुराची भीती नाही. रूप आलंय, मान्य. संध्याकाळी नदीकाठावरून छानच दिसतो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा आम्ही आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर कोरडे, पण मीटर आणि पंप तळघरात. लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही. आई गुडघे धरत उतरली आणि जिन्याच्या पहिल्या वळणावरून होडीत बसली. म्हणून लॉबीतला संगमरवर नंतर बघा, आधी जनरेटर कुठे बसवलाय ते विचारा. शिवाय टॉवरच्या पश्चिमेच्या त्या अख्ख्या काचेवर ऊन अडवायला साधा सज्जासुद्धा नाही, एप्रिलमध्ये दुपारी हॉलमध्ये बसवणार नाही.