टी-२२ आणि ३४७एच ट्यूबचा जोड: ३०९ की निकेल फिलर?

प्रश्न
आमच्या साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती बॉयलरमध्ये वाफ ५४० अंश सेल्सिअसला निघते. सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) कॉइलमधला टी-२२ (कमी क्रोमियमचे पोलाद) आणि ३४७एच (स्टेनलेस) यांचा, ३०९ फिलरने (जोडात वितळवून भरायच्या स्टेनलेस धातूने) केलेला जुना जोड ऐन गळीत हंगामात गळू लागला. तुकडा कापून पाहिला, तेव्हा वेल्ड आणि स्टेनलेसची बाजू दोन्ही शाबूत होती. चीर मात्र टी-२२ च्या बाजूला, वेल्डच्या अगदी कडेने, सुरीने कापल्यासारखी सरळ गेली होती. पुन्हा ३०९ च वापरावे, की महागडे निकेल फिलर आणावे?

उत्तर १
आपण वर्णन केलेली चीर पाहता दोष वेल्डरच्या हाताचा वाटत नाही. ३०९ मध्ये क्रोमियम २३ टक्क्यांच्या आसपास, तर टी-२२ मध्ये जेमतेम सव्वादोन टक्के असते. त्यामुळे इतक्या तापमानात टी-२२ मधला कार्बन वर्षानुवर्षे वेल्डकडे सरकत राहतो आणि कडेला कार्बन गमावलेला मऊ पट्टा उरतो. त्यात ३०९ चे प्रसरण टी-२२ पेक्षा बरेच जास्त असल्याने, बॉयलर थंड-गरम झाला की सगळा ताण नेमका त्याच पट्ट्यावर येतो. ईआरएनआयसीआर-३ या निकेल फिलरचे प्रसरण टी-२२ च्या जवळचे असते आणि त्यात कार्बन फार संथपणे शिरतो, म्हणून येथे तेच घ्यावे. ३०९ टाकाऊ आहे असे नाही. ३१५ अंशांच्या आतल्या जोडांना मीही तेच वापरतो.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे, पण निकेलचा वितळलेला धातू जड वाहतो, याची वेल्डरला आधी सवय करून द्यावी आणि खाचेचा कोन थोडा मोठा ठेवावा. ग्रीस किंवा खुणेच्या खडूतले गंधक राहिले, तर वेल्ड गरम असतानाच तडकते. म्हणून ॲसिटोनने पुसून, स्टेनलेसच्या वेगळ्या ब्रशने घासून मगच आर्क मारावा. ट्यूबच्या आतून आर्गॉन वायू हवाच, म्हणजे वेल्डची आतली बाजू हवेने जळत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. वेल्डनंतरच्या उष्मोपचाराचे काय करावे?

उत्तर १
भिंत जाड असेल तर टी-२२ च्या टोकावर आधी निकेलचे बटरिंग करून (म्हणजे निकेल फिलरचा थर चढवून) तेवढ्याच टोकाचा उष्मोपचार करावा आणि नंतर स्टेनलेस जोडावे, म्हणजे ३४७एच विनाकारण तापत नाही. पातळ ट्यूबबाबत मंजूर वेल्डिंग प्रक्रियेत जे असेल तेच करावे. फिलर बदलल्यामुळे ती प्रक्रिया नव्याने तपासून घ्यावी लागेल आणि बॉयलर निरीक्षकांची परवानगी काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी. जोडाजवळचा ट्यूबचा आधार अडकून बसला, तर जोडावर जादा ताण येतो, म्हणून तेही याच शटडाउनमध्ये पाहावे.